अॅब्लेशनमध्ये वायर हृदयाले नीट टेकली हे डॉक्टरले कसं समजते?

कास्तकार_दारव्हा
राम राम मंडळी. माह्या बाबाचं वय ६१, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडते) हाय. मागच्या साली नागपूरले अॅब्लेशन (वायरनं हृदयाच्या आतून भाजून डाग देनं) केलं, आठ महिने बरे होते आन आता कापूस वेचाईच्या दिवसात पुन्हा धडधड सुरू झाली. डॉक्टर म्हणते डागाच्या रेषेत फट रायली, पुन्हा करा लागन, या टायमाले दाब मोजनारा कॅथेटर (आत घालाची वायर) वापरू, खर्च जास्त हाय. मांडीतून घातलेली वायर आत भिंतीले टेकली का नुसती रक्तात लोंबकळते हे भाईरून कसं समजते? जोरात दाबली तं भोक नाई पडत का? बाबा लय घाबरले, म्हणते मांगच्या टायमालेच काऊन नाई नीट केलं.

कॅथलॅब_पुसदकर
दादा, मी कॅथलॅब टेक्निशियन आहे. फट राहिली म्हणजे हलगर्जीच झाली असं समजू नका. हृदय धडधडत असतं, श्वासानं वरखाली होतं, टोक घसरतं, आणि भाजलेल्या जागेला सूज येते म्हणून त्या दिवशी तिथून जाणारा हृदयाचा करंट बंद झालेला दिसतो, मग काही आठवड्यांनी सूज उतरली की अर्धवट भाजलेली जागा परत चालू होते.

आधी सगळा अंदाजच होता, हाताला काय लागतं, एक्सरेवर टोक कसं हलतं, सिग्नल किती मोठा येतो. इम्पिडन्स (टोकापाशी करंटला होणारा अडथळा) आजही बघतात, भाजायचा करंट सोडल्यावर तो साधारण १० ओहम खाली आला तर आत भाजतंय, जागचा हललाच नाही तर टोक नीट टेकलेलं नाही. दाबवाल्या कॅथेटरच्या टोकात सेन्सर असतो, काहींत बारीक स्प्रिंग, काहींत ऑप्टिकल फायबर, आणि स्क्रीनवर ग्रॅममध्ये आकडा दिसतो. अमेरिकेत याला २०१४ मध्ये मंजुरी मिळाली. साधारण १० ते २० ग्रॅम ठेवतात. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याची भिंत जेमतेम २-३ मिलिमीटर, तिच्या मागं अन्ननलिका, त्यामुळे भोकाची तुमची भीती खरी आहे, आकडा ४० च्या वर चालला की आम्ही लगेच आवाज देतो. आणि नुसता आकडा पाहून होत नाही, तो दाब किती सेकंद टिकला तेही तेवढंच महत्त्वाचं.

शिक्षिका_आर्णी
भाऊ, बाबांना असं सांगा की भाकर तव्याला जिथं टेकत नाही तिथं कच्ची राहते आणि जास्त दाबली तर फाटते. इथं तर बाजूनं रक्त वाहत असतं, ते उष्णता घेऊन जातं, म्हणून नुसतं जवळ नेऊन भाजत नाही. माझ्या आईचं एसव्हीटीचं (धडधडीचाच दुसरा प्रकार) अॅब्लेशन साध्या कॅथेटरवर झालं, पण तो आजार वेगळा, तिच्या बिलाशी तुमचं बिल लावू नका. योजनेत काय बसतं ते मात्र भरती व्हायच्या आधीच विचारून घ्या.

कास्तकार_दारव्हा
ताई, भाकरीचं बाबाले वाचून दाखवलं, त्याइले लगेच समजलं. दादा, दुखते का? आन रक्त पातळ कराची गोळी बंद करा लागते का?

कॅथलॅब_पुसदकर
बऱ्याच ठिकाणी पूर्ण भूल देतात, त्यानं श्वास एका लयीत राहतो आणि टोकही कमी घसरतं. गोळी मनानं अजिबात बंद करू नका, या आजारात हृदयात गुठळी होऊन लकवा मारू शकतो. कधी घ्यायची, कोणता डोस सोडायचा हे डॉक्टरकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.

कास्तकार_दारव्हा
हाव दादा. शुक्रवारच्या यष्टीनं नागपूरले जातो, चिठ्ठी तिथंच लिहून मांगतो.