दिवाळीच्या सुट्टीत आइसलँड: 7 दिवसांत रिंगरोड पूर्ण होईल का?

घोडबंदरकर: चौघे जाणार आहोत, त्यात आईबाबा सत्तरीचे. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. केफ्लाविक विमानतळावर गाडी घेऊन रिंगरोडची, म्हणजे देशाला वळसा घालणाऱ्या रस्त्याची, पूर्ण फेरी, 1,322 किमी. रोजचे 190 किमी पडतात, म्हणजे फार नाहीत. काय पाहावं, काय सोडावं?

ऐरोली_सेक्टर8: किलोमीटर नका मोजू, उजेड मोजा. त्या आठवड्यात सूर्य साडेनऊनंतर उगवतो आणि पाचच्या आत मावळतो. सातएक तासांत गाडी चालवायची की बघायचं? उत्तर आणि पूर्वेकडचे घाट बर्फाने कधीही बंद होतात, आणि एकदा अर्ध्या फेरीत अडकलात की मागे-पुढे दोन्हीकडे तेवढंच अंतर.

त्यापेक्षा दक्षिण किनारा करा. एक दिवस थिंगवेलिरचं राष्ट्रीय उद्यान, गेसिरचे गरम पाण्याचे फवारे, गुलफॉस धबधबा. मग विक गावात दोन मुक्काम, पुढे योकुलसारलोन या हिमनगांच्या तलावाजवळपास दोन, आणि त्याच रस्त्याने परत. रेक्याविक ते योकुलसारलोन साधारण 375 किमी आहे. जाताना वाऱ्यामुळे सुटलेला धबधबा येताना बघता येतो, हा यातला खरा फायदा. सेल्यालांड्सफॉस धबधब्याच्या मागून जाणारी वाट मात्र बर्फ धरला की बंद असते. उघडी असली तरी आईबाबांना नेऊ नका, निसरडी असते. ऑरोरासाठी (आकाशातले हिरवट प्रकाशझोत) ढग नसलेली काळोखी रात्र हवी. काळोख तर भरपूर मिळेल, ढगांचं हवामान खात्याच्या साइटवर रोज बघा.

नौपाडा_भूगोल: गेसिरबद्दल एक गैरसमज असतो. मूळ गेसिर बहुतेक वेळ शांतच असतो. दर 6 ते 10 मिनिटांनी उडतो तो शेजारचा स्ट्रोक्कुर. साधारण 15-20 मीटर, कधी त्याहून बराच वर. वारा पाठीवर घेऊन उभे राहा, नाहीतर फवारा अंगावर. आणि गणेशपुरी-अकलोलीच्या कुंडांसारखं समजून आजूबाजूच्या ओहोळांत हात घालू नका, तिथलं पाणी भाजणारं असतं.

थिंगवेलिरला उत्तर अमेरिकी आणि युरेशियन भूपट्ट वर्षाला साधारण 2 सेंमीने दूर सरकतात. अल्थिंग ही संसद इ.स. 930 मध्ये इथेच भरू लागली. घाईत उरकण्याची जागा नाही.

रेनिसफ्यारा ही विकजवळची काळ्या वाळूची चौपाटी, पण जुहूसारखी पाण्यात पाय भिजवायची नाही. मधूनच एखादी लाट बाकीच्यांपेक्षा खूप आत येते आणि परतताना माणूस ओढून नेते. समुद्राकडे पाठ करून फोटो नकोत. इशाऱ्याचा दिवा लाल असेल तर खाली उतरायचंच नाही.

घोडबंदरकर: पटलं, फेरी रद्द. गाडी फोर बाय फोर हवीच का? आणि ज्वालामुखीमुळे विमानतळ बंद पडतो का?

वाशी_43: अंतर्भागातले एफ-रस्ते (डोंगराळ कच्चे रस्ते) तेव्हा बंदच असतात, त्यासाठी नको. फोर बाय फोर निघायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक लागतो तो टायरवर, म्हणून खिळ्यांचे टायर आहेत का ते बुकिंगलाच विचारा. 1 नोव्हेंबरपासून त्यांना परवानगी असते. मर्यादा डांबरीवर 90, खडीवर 80, दिवे दिवसाही चालू. एकपदरी पुलावर जो आधी पोचेल तो आधी. गाडी वाऱ्याकडे तोंड करून लावा आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडा. वाऱ्याने दार उलटं वळलं तर बहुतेक विम्यांत ते बसत नाही. इंटरनॅशनल परमिट ठाणे आरटीओतून काढून ठेवा, सोबत मूळ लायसन्स.

2010 मध्ये एयाफ्यातलायोकुत्ल हा ज्वालामुखी हिमनदीखाली फुटला, बर्फाचं वितळलेलं पाणी लाव्ह्याला भिडलं आणि बारीक राख वर गेली, म्हणून विमानं थांबली. 2021 पासून विमानतळाकडच्या रेक्यानेस द्वीपकल्पावर फुटतात त्या जमिनीतल्या भेगा. लाव्हा वाहतो, राख कमी. पण तिथले रस्ते आणि ब्लू लगून हे गरम पाण्याचं स्नानस्थळ अचानक बंद होतात. ग्रिंडाविक गाव तर नोव्हेंबर 2023 मध्ये रिकामं केलं होतं. तेव्हा ब्लू लगूनचं तिकीट पैसे परत मिळणारंच घ्या.