सरासरी मजुरी १२ टक्क्यांनी वाढली, कामगार म्हणतात पगार तिथेच आहे. कुठे चुकतंय?

मंजिरी:
आमच्या विभागातल्या कारखान्यांची मजुरी दर तिमाहीला नोंदवायचं काम माझ्याकडे आलंय. कारखाने दोनच आकडे भरून देतात: एकूण दिलेली मजुरी आणि पटावरचे कामगार. भागाकार केला की सरासरी. वर्षभरात ती १२ टक्क्यांनी चढलीय. पण ज्या ज्या कामगाराशी बोलते तो सांगतो, वर्षात एक पैसा वाढलेला नाही. कुणी खोटं बोलतंय असं मला वाटत नाही. मग पुढच्या तिमाहीला वेगळं काय विचारू?

रोजमेळ:
महागाई वजा केलीत का? आणि निर्देशांक कामगारांच्या खर्चाचा घ्या, घाऊक किमतींचा नको.

जुना टाइमकीपर:
महागाईचं रोजमेळ यांनी बरोबर सांगितलं, पण इथे गोम दुसरीच दिसते. कामगार महागाईची तक्रार करत नाहीत, रक्कमच वाढली नाही म्हणताहेत. मंजिरीताई, पटावरून कोण गेलं ते आधी बघा.

समजा कारखान्यात १०० माणसं आहेत. ६० हेल्पर, रोज १०० प्रमाणे. ४० फिटर, रोज २०० प्रमाणे. सरासरी १४०. आता ३० हेल्पर ठेकेदाराकडे वळवले. पटावर उरले ३० हेल्पर आणि ४० फिटर, सरासरी झाली १५७. बारा टक्के वाढ, आणि एकाचाही दर हललेला नाही! ते ३० जण त्याच यंत्रावर, त्याच पाळीत उभे आहेत, आता ठेकेदाराकडून ८० घेतात. त्यांना धरलं तर सरासरी १३४, म्हणजे घटच.

मी पगारपत्रकं केली त्या काळात हे डोळ्यांसमोर घडलंय. हजेरीपत्रकावरून नाव जायचं, माणूस मात्र दुसऱ्या दिवशी त्याच फाटकातून आत यायचा. त्याची मजुरी तुमच्या तक्त्यात येत नाही, याचा मला आजही राग येतो. उद्योगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही तात्पुरती माणसं पुरवणाऱ्या संस्था कारखानदारीत नाहीत, त्या विभाग ७८ मध्ये मोडतात. त्यामुळे फक्त कारखानदारीची बेरीज घेणाऱ्याला ही माणसं सापडतच नाहीत.

मोठ्या देशांतही असंच होतं. २०२० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत खासगी क्षेत्राची ताशी सरासरी कमाई एकदम उसळली. कारण कमी पगाराच्या लाखो लोकांचं काम गेलं होतं. तिथेच श्रमखर्चाचा एक वेगळा निर्देशांक काढतात, त्यात उद्योग आणि हुद्दे यांचं प्रमाण स्थिर धरतात. तुम्हीही तेच करा: हेल्परची तुलना हेल्परशी, फिटरची फिटरशी, आणि वजनं, म्हणजे एकूणात प्रत्येक हुद्द्याचा वाटा, पहिल्या वर्षाचीच ठेवा.

रोजमेळ:
हे पटलं. ओव्हरटाइमचं काय?

जुना टाइमकीपर:
तो वेगळाच घ्यायचा. श्रम-सांख्यिकीतज्ज्ञांच्या १९७३ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने मजुरीचा दर, कमाई आणि श्रमखर्च या तीन गोष्टी वेगळ्या मांडल्या. दरात मूळ मजुरी आणि ठरलेले नियमित भत्ते येतात, ओव्हरटाइम आणि बोनस येत नाहीत. ते कमाईत धरतात. मालक सामाजिक सुरक्षेसाठी भरतो तो हिस्सा कमाईतही नाही, तो श्रमखर्चात. कारखान्यांना नुसतं ‘एकूण मजुरी’ विचारलं की कुणी एक देतो, कुणी दुसरं. बारा तास राबून वाढलेल्या कमाईला दरवाढ म्हणू नका. तास मागा, म्हणजे उलगडा होईल.

मंजिरी:
मनापासून आभार. मागचे तक्ते पुन्हा काढून बघितले. ज्या कारखान्यांत सरासरी सर्वांत जास्त चढलीय, तिथेच पट आक्रसलाय. पण लहान कारखाने एवढं सगळं भरून देतील का?

जुना टाइमकीपर:
लांबलचक तक्ता नका पाठवू. तिमाहीतला एकच पगाराचा काळ ठरवा आणि त्यातलं हुद्द्यानुसार तीनच रकान्यांत मागा: माणसं, ओव्हरटाइम सोडून कामाचे तास, आणि त्याच तासांची दिलेली रक्कम. खाली ठेकेदाराच्या माणसांसाठी तसेच तीन रकाने, आणि ते ठेकेदाराच्या मजुरीपत्रकावरून भरायला सांगा, कारखान्याच्या अंदाजावर नको. दर वेळी शक्यतो तेच कारखाने धरा. एखादा बंद पडला तर गाळून मोकळं होऊ नका, बंद पडला अशी नोंद करा. वैयक्तिक दर मिळाले तर मध्यकही काढा, म्हणजे दर चढत्या क्रमाने लावले की बरोबर मधोमध येणारा; चार सुपरवायझरांच्या पगाराने तो फुगत नाही.