मिक्स्ड स्ट्रॅटेजीला ‘मिश्र डावपेच’ चालेल का?

चालकाविना धावणाऱ्या लष्करी गाड्यांवरचा लेख मराठीत आणतोय. रस्ते दोन, शत्रू एकाच रस्त्यावर दबा धरू शकतो. घाटात गाठ पडली तर तीन गाड्या जातात, माळावर पडली तर एक. गणित सांगतं, घाट चारात एकदा घ्या; मग तो कुठंही बसो, नुकसान सरासरी पाऊण गाडीचं. मी ‘मिश्र डावपेच’ लिहिलं. आमच्या मामांनी वाचून विचारलं, “म्हणजे दर चौथ्या खेपेला घाट?” नेमकं तेच नको! चौथी खेप शत्रूही मोजेल. दर खेपेला नव्यानं चिठ्ठी काढायची असते. शब्द कुठं चुकला?

—

‘मिश्र’नं घात केला. मिश्रण म्हणजे सगळं ठरल्या प्रमाणात. ‘चिठ्ठीचा डाव’ लिहा.

—

चिठ्ठी भिशीत काढतात, ताई. शास्त्रात ‘यादृच्छिक’ आहे. आणि गेम थिअरीला, म्हणजे समोरचा काय करेल हे धरून आपली चाल ठरवायच्या गणिताला, ‘द्यूतसिद्धांत’च हवं.

—

काका, द्यूत कसं चालेल? फासा तुमचा विचार करत नाही, समोरचा करतो. गेम थिअरीचा पाया घालणाऱ्या फॉन नॉयमन आणि मॉर्गनस्टर्न यांच्या 1944 च्या पुस्तकाचा गाभाच तो. तालमीत वस्ताद सांगायचे, प्रत्येक डावाला तोड असते. बेस्ट रिस्पॉन्सला, म्हणजे समोरच्याच्या डावावरच्या सगळ्यात चांगल्या उत्तराला, ‘तोड’ म्हणा. दोघांचे डाव एकमेकांना तोड ठरले, एकट्यानं बदलून कुणाचाच फायदा नाही, की झाला नॅशचा समतोल.

—

‘तोड’ घेतला! ऑटोनॉमसला ‘स्वयंचलित’ की ‘स्वायत्त’?

—

मी यंत्रमागावर वीस वर्षं काढली. स्वयंचलित माग धागा तुटला की थांबतो, बस्स. कुठल्या रस्त्यानं जायचं हे तो ठरवत नाही. ठरवते ती स्वायत्त.

—

सोलापुरात स्वायत्त म्हटलं की कॉलेज. ऑटोनॉमसच ठेवा. 1930 साली इथं मार्शल लॉ लागला, आमच्या आजोबांनी त्याला जन्मात ‘लष्करी कायदा’ म्हटलं नाही.

—

म्हणून आपण शब्द घडवायचेच नाहीत का? ‘डाव’ तर ‘द्यूत’वरूनच आला असणार.

—

हिंदीत ‘दाँव’ आहे, तो जवळचा वाटतो.

—

आमच्या घरी डाव म्हणजे आमटी वाढायचा. तो कुठून आला?

—

ती पळी ना?

—

नाही हो. पळीनं तेल घालतात. डाव खोलगट, लांब दांड्याचा. आईचा पितळी डाव अजून आहे, कड झिजून एका बाजूला तिरपी झालीय.