मदत हवी आहे : आम्ही १४ जण, क्लस्टरला २० लागतात

मंडळी नमस्कार. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीनशॉप आहे. फौंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करून पाठवतो.

अडचण मोजमापाची आहे. गिऱ्हाइकाला आता प्रत्येक लॉटबरोबर सीएमएमचा (नगाची मापं अचूक घेणाऱ्या मशीनचा) रिपोर्ट लागतो आणि आमच्यात कुणाकडेच सीएमएम नाही. गेल्या महिन्यात पंप हाउसिंगचे ४ नमुने बाहेर तपासायला दिले. तिसऱ्या दिवशी नंबर लागला, बोअर (आतलं भोक) २० मायक्रॉनने मोठा निघाला. तोवर त्याच सेटिंगवर १६० नग कापून झाले होते. ते क्रेट अजून शेडच्या दारात आहेत, येता-जाता पायाला लागतात.

म्हणून केंद्र सरकारच्या एमएसई-सीडीपी योजनेतून (छोट्या उद्योगांचे समूह, म्हणजे क्लस्टर, यांच्यासाठीची योजना) सगळ्यांना वापरता येईल असं सामायिक सुविधा केंद्र काढायचं डोक्यात आहे. त्यात सीएमएम, स्पेक्ट्रो (धातूत काय किती आहे ते तपासणारं मशीन), हीट ट्रीटमेंटची भट्टी. ५ ते १० कोटींच्या प्रकल्पाला केंद्र सरकारचं ७० टक्के अनुदान आहे, १० ते ३० कोटींच्या प्रकल्पाला ६० टक्के. आमचा अंदाज ६ कोटींचा, म्हणजे ४ कोटी २० लाख तिकडून. उरलेल्यातलं राज्य किती देणार आणि आमच्या खिशातून किती जाणार, हे अजून धड कळलेलं नाही.

घोडं अडलंय ते सभासदांवर. एसपीव्हीत, म्हणजे केंद्र चालवायला सभासदांनी काढायच्या कंपनीत, किमान २० युनिटं हवीत, आम्ही १४. बाकीचे म्हणतात, "आधी उभं करा, मग येतो." एक मोठा फौंड्रीवाला निम्मे पैसे घालायला तयार होता, पण एकाकडे १० टक्क्यांपेक्षा जास्त भाग चालत नाही. नियम बरोबरच आहे म्हणा, नाहीतर आमचं सामायिक केंद्र त्याच्या फौंड्रीचं एक खातं होऊन बसलं असतं.

सल्लागार म्हणतो, भावांच्या, बायकांच्या नावानं उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून २० भरा. मला ते पटत नाही. कुणी केलंय का, आणि पुढं अडकलंय का? दुसरं म्हणजे, आमच्यातले निम्मे एकाच गिऱ्हाइकाचं काम करतात. माझं ड्रॉइंग शेजाऱ्यानं बघितलं तर पुढच्या कोटेशनला तो मलाच कापणार. चालू केंद्रात हे कसं सांभाळतात?

– शिरोलीकर

जुना फिटर : कागदावरची युनिटं अजिबात घालू नका. जागेवर तपासणी होते तेव्हा मशीन दाखवावं लागतं, बायकोचं आधारकार्ड नाही. फौंड्रीवाल्यांनी साच्यांची वाळू पुन्हा वापरात आणायचा प्लांट क्लस्टर करूनच उभा केलाय, त्यांच्यातल्या कुणाला तरी भेटा. पण वाळूला ड्रॉइंग नसतं, तुमचा खरा प्रश्न तोच आहे. आमच्या केंद्रात जॉबवर सभासदाचं नाव नाही, फक्त कोड नंबर असतो, ऑपरेटर पगारी आणि बाहेरचा. सभासदाचा पोरगा मशीनवर बसवला की संपलं.

कागलकर : एक सीएमएमच पाहिजे तर क्लस्टरचा घाट कशाला? सीजीटीएमएसईची (छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टची) हमी १ एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत आहे, तारण न ठेवता बँकेत जा. तिघं-चौघं मिळून घ्या.

शिरोलीकर : @कागलकर, तारण नाही मागितलं तरी हप्ता मागतातच की. आणि भट्टी तिघांना झेपणार नाही. @जुना फिटर, कोड नंबरचं डोक्यातच आलं नव्हतं. ऑपरेटरचा पगार केंद्राच्या कमाईतून निघतो की सभासद वर्गणी काढतात? सोमवारी जिल्हा उद्योग केंद्रात जातोय, त्याआधी सांगितलंत तर बरं होईल.