मदत हवी आहे: महापालिका जुने जलतरण तलाव पाडून नवं संकुल बांधणार म्हणते. हरकत कशावर घ्यावी?

मंडळी, मुदत थोडी आहे म्हणून थेट मुद्द्यावर येते. आमच्या महापालिकेचे दोन जलतरण तलाव आहेत, दोन्ही ऐंशीच्या दशकातले. ते पाडून त्यातल्या एकाच जागी 'बहुउद्देशीय जलक्रीडा संकुल' बांधायचा घाट आहे. ठराव प्रशासकांच्या काळातच होऊन गेला. आता पेपरात जाहीर सूचना आली आहे की हरकती व सूचना एक महिन्याच्या आत लेखी द्याव्यात. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, देशावरचं मध्यम शहर समजा.

नवं नकोच, असं आमचं म्हणणं नाही. मोठ्या तलावाच्या खोल बाजूच्या टाइल्स निघाल्यात. कपडे बदलायच्या खोलीचा स्लॅब फुगून सळ्या उघड्या पडल्यात. मे महिन्यात दुपारच्या बॅचपर्यंत पाणी हिरवट होतं आणि मग कोणीतरी पावडर ओततं, की डोळे चुरचुरायला लागतात. काहीतरी करायला हवंच आहे.

पण प्रस्तावाचं चित्र असं आहे: तळमजल्यावर पार्किंग आणि गाळे, दुसऱ्या मजल्यावर 25 मीटरचा तलाव, त्याच्या वर 'बहुउद्देशीय सभागृह' (लग्नाचा हॉल, दुसरं काय). बांधायचं आणि 30 वर्षं चालवायचं ठेकेदाराने. आत्ताचा मोठा तलाव 50 बाय 20 मीटरचा आहे. दुसरा तलाव जिथे आहे त्या जागेचं पुढे काय, याचा कागदावर उल्लेखच नाही. पासचे दर 'बाजारभावानुसार'. दुपारची महिलांची बॅच आणि मनपा शाळांच्या मुलांचा सवलतीचा पास, दोन्हींबद्दल अवाक्षर नाही.

क्रीडा विभागातल्या साहेबांना भेटलो तर म्हणाले, "मॅडम, रोज दोन टँकर पाणी गळतंय, दुरुस्तीचा उपयोग नाही." हे खरं की खोटं, आम्हाला कसं कळणार? आम्ही सगळे पोहणारे. इंजिनिअर कोणी नाही, वकीलही नाही. मला तीन गोष्टी हव्या आहेत: तलाव खरंच पाडण्याच्या लायकीचा झालाय का हे कसं तपासायचं, हरकतीत काय लिहिलं तर ती कचऱ्यात जाणार नाही, आणि जुना बंद झाल्यावर नवा होईपर्यंतची सोय लेखी कशी पदरात पाडून घ्यायची. तिसऱ्याची भीती सगळ्यात जास्त. पत्रे ठोकलेले आणि आत बाभळी उगवलेले तलाव आपण सगळ्यांनीच पाहिलेत.

– पाणकोंबडी

*

निवृत्त_स्थापत्य: ताई, दोन टँकरचा हिशोब आधी करू. 50 गुणिले 20 म्हणजे 1000 चौरस मीटर. पातळी 1 सेंटीमीटर उतरली की 10 घनमीटर, म्हणजे 10,000 लिटर, एक टँकर. दोन टँकर म्हणजे दिवसाला 2 सेंटीमीटर. आता देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात उघड्या तलावाचं 8-10 मिलिमीटर पाणी नुसतं वाफ होऊन उडतं. म्हणजे साहेबांच्या दोनपैकी जवळजवळ एक टँकर सूर्य नेतो. फिल्टर उलटा धुताना (बॅकवॉश) जे गटारात जातं ते वेगळंच. उरली ती गळती, आणि तीही टाकीतूनच आहे की पाइपातून, हे अजून ठरायचं आहे.

तपासायची सोपी पद्धत आहे. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी पायरीवर बादली ठेवा, बादलीतलं पाणी आणि तलावाचं पाणी एका पातळीला, दोन्हीकडे खूण करा. चोवीस तासांनी बघा. दोन्हीकडे सारखंच उतरलं तर बाष्पीभवन. तलावात जास्त उतरलं तर जेवढा फरक तेवढी गळती. एकदा पंप बंद ठेवून करा, एकदा चालू ठेवून. पंप चालू असतानाच फरक वाढत असेल तर दोष बहुधा पाइपलाइनमध्ये आहे, आणि पाइपसाठी कोणी तलाव पाडत नाही.

तुम्ही लिहिलेल्या तीन तक्रारी खरं तर तीन वेगवेगळे आजार आहेत. टाइल्स हा वरवरचा. पाणी हिरवं होणं म्हणजे फिल्टर आणि क्लोरीनच्या मात्रेचा प्रश्न. सगळं पाणी साधारण चार ते सहा तासांत एकदा गाळून निघायला हवं, जुन्या पंपांना ते झेपत नाही. पंप आणि फिल्टर बदलणं हे नव्या संकुलाच्या तुलनेत किरकोळ काम आहे. सळ्या दिसणं मात्र गंभीर, पण ती खोली वेगळी इमारत आहे, तलावाची टाकी वेगळी. पालिकेच्या संरचनात्मक परीक्षणाच्या (स्ट्रक्चरल ऑडिट) अहवालात या दोन्हींचा निकाल वेगवेगळा दिलाय का, ते बघा.

कागदपत्रवाला: काकांच्या मुद्द्याला जोडून. 30 वर्षांवरच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265अ मध्ये येतं. म्हणजे अहवाल असायलाच हवा. त्यात वर्गवारी असते: सी-1 म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडा. सी-2ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-2बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-3 किरकोळ. तुमचा तलाव सी-1 नसेल आणि तरी पाडणार असतील, तर तीच तुमची पहिली हरकत.

एक सावधगिरी. 'तलाव हा नागरिकांचा हक्क आहे' यावर हरकत उभी करू नका. त्याच अधिनियमात बंधनकारक कामं कलम 63 मध्ये आहेत आणि ऐच्छिक कामं 66 मध्ये. जलतरण तलाव 66 मध्ये येतात. महापालिकेचा विधी अधिकारी हे एका वाक्यात तोंडावर मारेल. त्यापेक्षा जागेला धरा. विकास आराखड्यात त्या दोन्ही भूखंडांवर कसलं आरक्षण आहे (म्हणजे जागा कशासाठी राखून ठेवली आहे) ते नगररचना विभागात जाऊन बघा. आरक्षण बदलायचं असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायदा 1966 च्या कलम 37 खाली स्वतंत्र सूचना आणि हरकतींसाठी महिना द्यावा लागतो. तुमच्या हातातली सूचना तीच आहे की दुसरीच कुठली, हे आधी वाचा. आणि 30 वर्षांसाठी जागा ठेकेदाराला देणं म्हणजे महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 79 चा विषय. त्याला कोणाची मंजुरी घेतली तो ठराव मागा.

पाणकोंबडी: दोघांचेही आभार. सूचनेत कलमाचा उल्लेख नाहीये, फक्त ठराव क्रमांक आहे. माहिती अधिकारात अर्ज टाकायचा तर उत्तराला 30 दिवस, आणि हरकतीची मुदत तोवर संपलेली. मग?

कागदपत्रवाला: म्हणून अर्ज आणि फाइल पाहणं, दोन्ही करा. 2018 च्या शासन परिपत्रकानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहता येतात. पुणे महापालिकेत ही पद्धत त्याच्याही आधीपासून होती. काही ठिकाणी 'असं काही नाही' म्हणतात, तेव्हा परिपत्रकाची प्रत सोबत न्या. हरकत मुदतीत द्याच, आणि तिच्यात एक वाक्य घाला: 'संरचनात्मक अहवाल व आर्थिक प्रस्ताव उपलब्ध करून न दिल्याने पुढील हरकतींचा अधिकार राखून ठेवत आहोत.' आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्यायला विसरू नका. एक मोठं निवेदन आणि खाली शंभर सह्या, यापेक्षा वेगवेगळ्या लोकांचे वेगवेगळे अर्ज दिलेले बरे, प्रत्येकाने त्यात सुनावणी मागावी.

एक्सेटरकर: इकडे इंग्लंडातही तलाव चालवणं कौन्सिलवर बंधनकारक नाही, त्यामुळे जुने तलाव बंद पडायचं रडगाणं तेच. आमच्या गावात, एक्सेटरला, मात्र 2022 मध्ये सेंट सिडवेल्स पॉइंट नावाचं नवं केंद्र उघडलं, ऊर्जा फार कमी लागेल अशा पॅसिव्हहाउस पद्धतीचं, देशातलं पहिलंच. जवळच्या एक्समथला तर तलावाचं पाणी तापवायला छोट्या डेटा सेंटरची उष्णता वापरतात. इकडे गॅसचा खर्च मोठा. तुमच्याकडे चालवायचा खर्च कशावर होतो, ते मांडा.

पाणकोंबडी: आमच्याकडे मे महिन्यात पाणी गार कसं ठेवायचं ते सांगा, फार उपकार होतील :) पण मुद्दा पटला. वीज, पाणी, क्लोरीन, जीवरक्षकांचे पगार हे आकडे मागते.

रोजचा_दीड_किमी: जीवरक्षक ठेकेदाराचे की पालिकेचे, आणि क्लोरीन कसला वापरणार, हे नक्की विचारा. ऑक्टोबर 2023 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या कासारवाडीच्या तलावावर क्लोरीन वायू गळून लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. लग्नाच्या हॉलखाली वायूचे सिलिंडर ठेवणार असतील तर अवघड आहे. (त्याच महिन्यात दादरच्या महात्मा गांधी तलावात मगरीचं पिल्लू निघालं होतं. तेव्हा कुंपणाचंही विचारा, हसू नका.)

आणि 50 चे 25 मीटर झाले की स्पर्धेच्या पोरांचं नुकसान आहे. ऑलिंपिकच्या शर्यती 50 मीटरच्या तलावात होतात. 25 मध्ये दर वळणाला भिंतीला लाथ मारून पुढे जाता येतं, त्यामुळे वेळ चांगली दिसते आणि मूल राज्य स्पर्धेत जाऊन गांगरतं.

निवृत्त_स्थापत्य: दुसऱ्या मजल्यावरच्या तलावाबद्दल. अशक्य नाही, हॉटेलांत असतातच. पण घराच्या स्लॅबवर चौरस मीटरला 200 किलो भार धरतात आणि इथे दीड मीटर खोल पाणी म्हणजे 1500 किलो, तेही बारा महिने. खाली गाळे असतील तर पहिल्या गळतीला गाळेवाले ओरडणार आणि पहिली कुऱ्हाड तलावावरच पडणार. जलरोधनाची हमी किती वर्षांची आणि कोणाची, हे करारनाम्यात हवं.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'टप्पे' असं आहे. तलाव दोन आहेत ना? मग एक पाडून नवा सुरू होईपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही, ही अट निविदेतच घालायला लावा. नुसतं तोंडी आश्वासन नको. आणि दर, महिलांची बॅच, शाळेचे पास हे निविदेच्या अटींत नसतील तर ठेकेदार नंतर एक रुपया सोडणार नाही. त्याने बोली त्यावरच लावलेली असते.

पाणकोंबडी: हे टप्प्यांचं आम्हाला सुचलंच नव्हतं! माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा टाकते, चुका काढा:

'विषय: जलतरण तलाव पुनर्बांधणी प्रस्ताव. (1) दोन्ही तलावांच्या संरचनात्मक परीक्षण अहवालांच्या प्रती. (2) दुरुस्तीचं व नवीन बांधकामाचं पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज). (3) मागील पाच वर्षांचा देखभाल खर्च व पासचं उत्पन्न. (4) दुरुस्तीचा पर्याय का नाकारला? (5) दुसऱ्या तलावाच्या जागेचं काय करणार?'

कागदपत्रवाला: चांगला आहे. राज्याच्या नियमांत अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा, तो आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. 4 आणि 5 बदला. 'का' आणि 'काय करणार' विचारलं की 'खुलासा ही माहिती नव्हे' असं उत्तर येतं. त्याऐवजी लिहा: '(4) दुरुस्ती व पुनर्बांधणी या पर्यायांची तुलना करणाऱ्या टिप्पणीची व ठरावाची प्रत. (5) दुसऱ्या भूखंडाबाबत झालेल्या पत्रव्यवहाराची प्रत.' तशी टिप्पणीच फाइलमध्ये नसेल तर 'उपलब्ध नाही' असं त्यांना लेखी द्यावं लागेल. सुनावणीत ते एक पान पुरतं.