मदत हवी आहे: गरोदरपणातली शुगर आणि जीसीके जनुकाची तपासणी (पुणे)

२४वा आठवडा सुरू आहे, राहणार कोथरूड. ७५ ग्रॅम ग्लुकोजच्या तपासणीत उपाशीपोटीची शुगर १०६, दोन तासांनंतरची १३८. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.१. वजन आधीपासून बेताचंच, बीपी-थायरॉइड नॉर्मल.

आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने जेवण बदललं, रात्री शतपावलीही चालू आहे. जेवणानंतरचे आकडे छान येतात, पण सकाळचा १०० च्या खाली उतरतच नाही. डॉक्टर आता रात्रीच्या इन्सुलिनबद्दल बोलत आहेत. माझी ना नाही, त्यामुळे कृपया मेथी-कारल्याचे उपाय नकोत.

शंका वेगळीच आहे. आई, मामा आणि आजी तिघंही सडपातळ, तिघांनाही तिशीच्या आत 'थोडी शुगर' निघाली आणि वर्षानुवर्षं ती तेवढीच राहिली. टीसीएफ७एल२ सारख्या जनुकांमुळे मधुमेहाचा धोका थोडाफार वाढतो, ते नेहमीचं. पण एकाच जनुकातल्या बदलामुळे होणाऱ्या मधुमेहाच्या 'मोडी' (MODY) प्रकारात, त्यातही जीसीकेत (साखरेची पातळी ओळखण्याशी संबंधित जनुक), नेमकं असंच चित्र दिसतं. तो बदल बाळात उतरण्याची शक्यता निम्मी. उतरला असेल तर आईची शुगर फार खाली आणल्याने बाळाची वाढ खुंटू शकते. नसेल तर बाळ जास्त वजनाचं होऊ शकतं. म्हणून सोनोग्राफीत बाळाच्या पोटाचा घेर बघून इन्सुलिनचं ठरवतात, असं वाचलं.

पुण्यात कुणी गरोदरपणातच ही तपासणी केली आहे का? आधी जेनेटिक कौन्सेलरकडे जावं की एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हॉर्मोनतज्ज्ञाकडे)? आणि रिपोर्ट साधारण किती दिवसांत हातात येतो, म्हणजे इन्सुलिनचा निर्णय तोवर ताटकळणार नाही?