अनुभव धागा: नर्सवर हात उचलला जातो, त्याच्या आधीचा तास

वॉर्डात मारहाण झाली की चर्चा मारहाणीचीच होते, आधीचा तास कुणी विचारत नाही. नर्सिंगमधल्यांनी इथे तोच लिहावा. ड्युटीवर किती जण होते? नातेवाइकांशी शेवटचं कोण बोललं होतं, काय बोललं होतं? शिवीगाळ, धमकी, नको तो स्पर्शही लिहा. मारच बसायला हवा असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८ ते ३८ टक्के आरोग्य कर्मचाऱ्यांना नोकरीत कधी ना कधी शारीरिक हिंसा सोसावी लागते, आणि तोंडी त्रास त्याहून कितीतरी जास्त. रुग्णालयाचं किंवा माणसांचं नाव मात्र नको.

रातपाळी
कॅज्युअल्टी. हात मोडलेला मुलगा बराच वेळ बाकावर बसलेला, आणि मागून आलेल्या छातीत दुखणाऱ्या माणसाला आम्ही सरळ आत घेतलं. ते बरोबरच होतं, पण आधी कोणाला घ्यायचं हे कशावर ठरतं, ते बाकावरच्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांना दिसला तो वशिला. डॉक्टर आत, एक्स-रेवाला फोन उचलत नाही, आणि काउंटरला मी एकटी. मुलाचा काका तिसऱ्यांदा विचारायला आला, तेव्हा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. तो नजर न हलवता बघत होता. मग त्याने माझी मान धरली. सिक्युरिटी गेटवर, म्हणजे इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. त्या रात्री एक नर्स सुट्टीवर होती आणि बदली दिलेली नव्हती. माझ्या मते खरं कारण तेच.

मेडिसिनचा ब्रदर
मला मारणारे आजोबा दिवसा मला ‘बाळ’ म्हणायचे. ऑपरेशननंतरची दुसरी रात्र, डिलिरियम, म्हणजे आजारात अचानक भान हरपून होणारा गोंधळ. सलाईन उपटत होते, मी हात धरला आणि जबड्यावर ठोसा बसला. नंतर पाहिलं तर ऑक्सिजन घसरलेला, लघवीची नळी तुंबलेली. अशा माणसावर राग धरता येत नाही, पण म्हणून त्याची नोंदच करायची नाही, हे मला पटत नाही. जबडा सुजायचा तो सुजलाच.

ओटी (ऑपरेशन थिएटर)
माझ्या अंगावर चिमटा भिरकावणारा रुग्ण नव्हता, सर्जन होता. हेही इथे चालेल ना?

धागाकर्ती
चालेल. कामाच्या ठिकाणची हिंसा आणि छळ याबद्दल आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९मध्ये केलेल्या १९०व्या करारात रुग्ण-नातेवाइकांसारखे बाहेरचे लोकही येतात आणि वरिष्ठही. घर ते कामाची जागा हा प्रवासही येतो. ड्युटी संपल्यावर कुणी पाठलाग केला असेल तर तेही लिहा.

मनोरुग्ण विभाग
आमच्याकडे दर पाळीला रुग्ण हिंसक होईल का हे ताडायची ब्रोसेट यादी भरतात; मूळ नॉर्वेची. सहा गोष्टी बघायच्या: गोंधळलेपणा, चिडचिड, दंगा, तोंडी धमकी, मारण्याचा आविर्भाव, वस्तूंची आदळआपट. तीन किंवा जास्त आढळल्या की पुढच्या २४ तासांत हल्ल्याचा धोका मोठा. त्या खोलीत एकटं जायचं नाही. स्टेथोस्कोप गळ्यात नाही, ओळखपत्राची दोरी ओढल्यावर सुटणारी, आणि उभं राहायचं ते दार अडणार नाही अशा बेताने. लोकांना वाटतं सगळ्यात धोकादायक वॉर्ड आमचाच असेल. असेलही, पण निदान आम्हाला ते आधी शिकवलं जातं. कॅज्युअल्टीतल्या नव्या मुलींना कोण शिकवतं?

धागाकर्ती
लेखी तक्रार किती जणांनी दिली?

रातपाळी
दिली. पहिला प्रश्न आला, ‘आधी तू काय बोललीस?’

मेडिसिनचा ब्रदर
नाही. फॉर्म ड्युटी संपल्यावर भरायचा, आणि ड्युटी संपल्यावर माणूस घरी जातो.

फिमेल वॉर्ड
मीही नाही. पेशंटचा भाऊ येता-जाता अंग घासायचा. माझी ड्युटी दुसऱ्या वॉर्डात लावली आणि विषय मिटला. त्याचा पास तसाच राहिला.

इन्चार्ज
आमच्या आयसीयूत सगळ्यात वाईट वेळ मृत्यू सांगण्याची. डॉक्टर दारातच दोन वाक्यं बोलून निघून जायचे आणि पुढचं सगळं बेडपाशी असलेल्या नर्सवर यायचं. आता वेगळ्या खोलीत बसवून सांगतात, डॉक्टर प्रश्न संपेपर्यंत थांबतात, नर्स एकटी नसते. ढकलाढकली कमी झाली आहे. अलार्मचं बटण मात्र अजून फक्त स्टेशनवरच आहे, त्या खोलीत नाही. मागणीचा अर्ज पुन्हा दिला आहे, पोच घेऊन.